पॅरिसमध्ये शुद्ध शाकाहारी आई-बाबांसाठी कोणते फाइन डाइनिंग रेस्टॉरंट निवडावे?

केतकी_ठाणे:
नमस्कार. आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त त्यांना सप्टेंबरमध्ये पॅरिसला नेत आहे. त्या दिवशीचे जेवण फ्रेंच पाककलेत मानाचे स्थान असलेल्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये व्हावे, अशी मनापासून इच्छा आहे. दोघेही मांस-मासे तर नाहीच, पण अंडेही खात नाहीत. सॅलड आणि उकडलेल्या भाज्या देऊन त्यांची बोळवण केली जावी, हे मला नको आहे. शेजारच्या टेबलावर जे कौशल्य वाढले जाते, तेच त्यांच्याही ताटात यायला हवे. नातेवाइकांनी ला तूर दार्जां सुचवले आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

विश्वास_म:
ला तूर दार्जांच्या खिडकीतून सेन नदी आणि नोत्र दाम हे प्राचीन चर्च यांचे जे दर्शन घडते, त्याला पॅरिसमध्ये तोड नाही. आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये नोत्र दाम पुन्हा उघडल्यामुळे तर ते ठिकाण आता अधिकच रम्य वाटते. आई-बाबांना जेवणाइतकाच परिसराचाही आनंद द्यायचा असेल, तर माझे मत तिथेच पडेल.

पॅरिसवासी:
विश्वासजींनी दृश्याबद्दल लिहिले ते खरे आहे, परंतु त्या रेस्टॉरंटची सारी कीर्ती बदकावर उभी आहे. 1890 पासून तिथे प्रत्येक बदकाला क्रमांक देण्याची प्रथा आहे. शाकाहारी पदार्थ विनंतीवरून मिळतील, पण जिथे भाजी ही पाहुण्यासाठी केलेली तडजोड असते, तिथे आपल्याला हवा तो मान तिला मिळेलच असे नाही.

केतकीताई, आपण आर्पेजचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. रोदँ संग्रहालयासमोर, र्‍यू द व्हारेनवर, आलँ पासार यांनी 1986 मध्ये ते सुरू केले आणि 1996 मध्ये त्याला मिशेलँ या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचा तिसरा, म्हणजे सर्वोच्च तारा मिळाला. पासार यांची ख्याती तोवर मांस भाजण्याच्या कौशल्यासाठी होती, आणि तरीही 2001 मध्ये त्यांनी तांबडे मांस मेनूतून काढून टाकले. त्या काळी हा निर्णय अनेकांना आत्मघातकी वाटला होता, पण तारे कायम राहिले. भाजीसाठी त्यांनी सार्त, अर आणि माँश या तीन भागांत स्वतःच्या बागा केल्या. तिन्हीकडची माती वेगळी असल्याने कोणती भाजी कुठे चांगली येते, याचा तिथे बारकाईने विचार होतो. जुलै 2025 पासून तर आर्पेजचा मेनू, स्वतःच्या पोळ्यांतला मध वगळता, पूर्णपणे वनस्पतीजन्य झाला आहे.

त्यांचे मिठातले बीट हा माझ्या मते या विचाराचा सर्वांत स्वच्छ दाखला आहे. अख्खे बीट, साल न काढता, करड्या जाड्या समुद्री मिठाच्या ढिगात पुरून भट्टीत ठेवतात. मिठाचे कवच कडक होते, आतला ओलावा बाहेर जात नाही आणि बीट स्वतःच्याच रसात शिजते. ते कवच फोडून बीट कापले की त्याचा गोडवा आणि मातीचा वास एकदम वर येतो. तिथे भाजीला मसाल्याने झाकत नाहीत, आणि आपल्याकडच्या माणसाला पहिले दोन घास त्यामुळे अळणी वाटण्याची शक्यता आहे. आई-बाबांना ही कल्पना आधी द्यावी.

विश्वास_म:
हे वाचून मी माझी सूचना मागे घेतो. ला तूर दार्जांचे दृश्य नदीकाठच्या फेरीतही पाहता येईल.

केतकी_ठाणे:
मनःपूर्वक आभार. आर्पेजमध्ये जागा मिळाली नाही आणि दुसरीकडे जावे लागले, तर त्यांना नेमके काय कळवावे?

सुलभा_लिऑन:
आरक्षण करतानाच लेखी कळवावे, टेबलावर बसल्यावर नव्हे. नुसते 'शाकाहारी' लिहून भागत नाही, कारण मासे चालतील असा समज होऊ शकतो. मांस, मासे, अंडी आणि जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला घट्टपणा आणणारा पदार्थ) नको, हे एकेक नाव घेऊन लिहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सॉस. फ्रेंच स्वयंपाकात कित्येक सॉसचा पाया वासराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा अर्क असतो, त्यामुळे वरून निर्दोष दिसणाऱ्या भाजीतही तो असू शकतो. काँतेसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट हे द्रव्य वापरतात. आई-बाबांना ते चालते का, हे त्यांनाच विचारून ठरवावे. अंड्याशिवाय गोड पदार्थ करणे त्यांच्या पेस्ट्रीवाल्यांना खरोखर जड जाते, म्हणून त्यांना पुरेसे दिवस हाताशी मिळायला हवेत.

शक्यतो दुपारचे जेवण घ्यावे. रात्रीच्या मानाने ते बरेच स्वस्त पडते, आणि तीन-चार तास चालणारे जेवण वयस्कर माणसांना दिवसा सोसते. बरीच नामांकित रेस्टॉरंटे शनिवार-रविवारी बंद असतात, तेव्हा लग्नाच्या वाढदिवसाचा वार आधी पाहावा. सेवाशुल्क छापील किमतीतच धरलेले असते. वर काही ठेवायचे की नाही, हा सर्वस्वी आपला प्रश्न आहे.