बॉक्सरचा खेळ वाचायचा कसा? उदाहरण: डिऑन्टे वाइल्डर

जुळे सोलापूर
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्याकडं सरावाला येणारी बरीच पोरं तालमीतून आलेली आहेत. व्यावसायिक लढती दाखवून बॉक्सरची बलस्थानं आणि कच्चे दुवे कागदावर मांडायला त्यांना शिकवायचंय. सुरुवात अमेरिकी हेवीवेट बॉक्सर वाइल्डरपासून केली, तर सगळ्यांचं उत्तर एकच: "उजवा हात जबरदस्त, बाकी काही नाही." याच्यापुढं कसं न्यायचं, सांगा की.

विजापूर रोड
आधी हायलाइट्स बंद करा. त्यात लागलेले ठोसे दिसतात, हुकलेले नाहीत. आणि दोष उघडा पडतो तो हुकल्यावरच. तीन पूर्ण लढती घ्या: एक सहज जिंकलेली, एक अटीतटीची, एक हरलेली. आवाज बंद ठेवा, नाहीतर समालोचक म्हणतो तेच पोरांना दिसायला लागतं.

पहिल्यांदा अर्ध्या वेगानं फक्त पाय बघायचे. वाइल्डरचा उजवा जोरात जाऊन हुकला की मागचा पाय पुढच्याच्या बरोबरीला येतो आणि छाती समोर उघडी पडते. तेवढा वेळ त्याला धड मारता येत नाही की सरकता येत नाही. तालमीतल्या पोरांना हे पटकन कळेल, पवित्रा वाचायची नजर त्यांना आहेच. कॅमेरा जवळ गेला आणि पाय दिसेनासे झाले तर अंदाज बांधायचा नाही, तेवढा भाग सोडून द्या.

दुसऱ्यांदा फक्त जॅबचा, म्हणजे पुढच्या हातानं झटकन मारायच्या सरळ ठोशाचा हात. मारून झाल्यावर तो हनुवटीशी परततो की छातीशी? वीस जॅब मोजा, रेघा मारा. दोन-तीनदा खाली आला तर सोडा, पंधरा वेळा आला तर ती सवय. 1936 साली जर्मन बॉक्सर मॅक्स श्मेलिंगनं अमेरिकी बॉक्सर जो लुईसच्या लढतींची फिल्म बघून नेमकं हेच हेरलं: जॅबनंतर डावा हात खाली राहतो. त्याच फटीतून उजवा घालत त्यानं 12व्या राउंडला लुईसला नॉकआउट केलं.

सात रस्ता
सरांचं बरोबर आहे. फक्त कच्चा दुवा लिहिताना त्याची अटही लिहायला लावा. "वाइल्डरचा बचाव कमजोर" हे लिहून उपयोग नाही. "मागं रेटलं की कमजोर" असं लिहिलं तर कामाचं. 2018 मध्ये त्याच्याविरुद्ध ब्रिटिश बॉक्सर टायसन फ्युरी बराचसा लांबून, मागं सरकत खेळला. दोनदा पडला, लढत बरोबरीत सुटली. फेब्रुवारी 2020 मध्ये तोच फ्युरी 273 पौंड वजन घेऊन पुढं चालत गेला, क्लिंचमध्ये (एकमेकांना धरून ठेवल्यावर) अंगावर भार टाकत राहिला. वाइल्डर तिसऱ्या आणि पाचव्या राउंडला पडला, सातव्यात त्याच्या कॉर्नरनं, म्हणजे त्याच्याच माणसांनी, टॉवेल टाकून लढत सोडली.

आणि बलस्थान म्हणजे नुसता जोर नव्हे, हेही पोरांना दाखवा. वाइल्डरची नोव्हेंबर 2019 ची लुईस ऑर्टिझ या बॉक्सरविरुद्धची लढत लावा. तिन्ही जजच्या गुणांत मागं असूनही वाइल्डर घाई करत नाही. डाव्या हातानं नुसतं चाचपत अंतर मोजतो आणि सातव्या राउंडला एकच सरळ उजवा, तिथंच नॉकआउट.

जुळे सोलापूर
ऑर्टिझ डावखुरा. तिथं पायाचं काय बघायचं? आणि हात खाली येतो तो थकव्यानं की सवयीनं, हे कसं ठरवायचं?

विजापूर रोड
डावखुऱ्यासमोर दोघांचे पुढचे पाय एकमेकांना भिडतात. कुणाचा पाय बाहेरच्या बाजूला पडतोय ते बघा. त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. थकव्याचं म्हणाल तर पहिला आणि दहावा राउंड शेजारी-शेजारी लावा. पहिल्यातही हात खाली असेल तर सवय, फक्त दहाव्यात असेल तर दम. दोन्हींसाठी कागदावर वेगळे रकाने ठेवा, कारण दम संपवायचा असेल तर आधीच्या राउंडांत पोटावर मारावं लागतं.