लेथ सुरू केला की घरातली आरसीसीबी पडते

प्रश्न (निवृत्त टर्नर, कोल्हापूर)

शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षे टर्नर म्हणून काम करून निवृत्त झालो आणि आता घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १ एचपी सिंगल फेज मोटरचा छोटा लेथ, बेंच ग्राइंडर आणि वेल्डिंगचे इन्व्हर्टर मशीन मांडले आहे. मुख्य डीबीपासून शेड २८ मीटरवर आहे. वायरमनने ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची तीन कोअर आर्मर्ड केबल ओढून शेडमध्ये वेगळा डीबी (स्विच आणि जोडण्यांची पेटी) बसवला.

शेडमधला एलईडी दिवा व्यवस्थित चालतो, पण लेथचे बटण दाबताच घरातली ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडते, म्हणजे आपोआप बंद होते. गेल्या आठवड्यात तर लेथ बंद असताना, घरात गिझर लावल्यावरही ती पडली. मोटर सुरू होताना खेचल्या जाणाऱ्या जादा करंटच्या झटक्याने असे होते, तेव्हा आरसीसीबी काढून साधा आयसोलेटर (फक्त हाताने चालू-बंद करायचा स्विच) बसवू, असे वायरमन म्हणतो. मायक्रोमीटरवरचा फरक मला कळतो, विजेतला कळत नाही. काय करावे?

उत्तर १ (जुना सुपरवायझर)

काका, आरसीसीबी काढू देऊ नका. गिझरचे लिहिलेत हे फार बरे झाले, कारण झटका मोटरचा असता तर लेथ बंद असताना ती पडलीच नसती. माझ्या अंदाजाने शेडच्या डीबीत न्यूट्रल बार आणि अर्थ बार एकमेकांना जोडले गेले आहेत.

आरसीसीबी फक्त एवढेच पाहते की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत आला की नाही. शेडमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडले की परतीच्या करंटला दोन वाटा मिळतात आणि त्यातला थोडा हिस्सा अर्थिंगच्या खड्ड्यातून, म्हणजे आरसीसीबीला वळसा घालून जातो. समजा हा हिस्सा शंभरात पाच आहे. एलईडी दिव्याच्या बाबतीत तो चार-पाच मिलिअँपिअरसुद्धा भरत नाही, पण लेथच्या सात अँपिअरमागे तो साडेतीनशे मिलिअँपिअर होतो. गिझरचा परतीचा करंटही त्याच जोडातून वाट काढतो, म्हणून लेथ बंद असतानाही ती पडते.

असा जोड देण्याची कल्पना बहुधा परदेशी व्हिडिओंतून येते. अमेरिकेत मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडतात, पण तिथेही सब पॅनेलमध्ये ते वेगळेच ठेवावे लागतात. आपल्या घरगुती जोडणीत तर ग्राहकाने तो जोड मुळी द्यायचाच नसतो.

आयसोलेटरचे म्हणाल तर आरसीसीबी गेल्यावर भिस्त उरते ती एमसीबीवर, म्हणजे जास्त करंटला पडणाऱ्या स्विचवर. एक हिशेब पाहा. खड्ड्याचा रोध ५ ओहम धरला, तर फेज लेथच्या बॉडीला लागल्यावर फार तर ४६ अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरची सी कर्व्ह (रेटिंगच्या किमान पाच पट करंटला तत्काळ पडणारी) एमसीबी तत्काळ पडायला किमान १६० अँपिअर लागतात. तोपर्यंत बॉडी जिवंत राहील आणि तुमचा हात हँडव्हीलवर असेल.

परवानाधारक ठेकेदाराकडून दोन्ही बाजूंची सप्लाय बंद करून, शेडमधली मशीन आणि दिवे सोडवून, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) न्यूट्रल ते अर्थ तपासून घ्या. रीडिंग एक मेगाओमच्या वर हवे. शून्याजवळ आले तर जोड शोधावाच लागेल.

उत्तर २ (पॅनेल बनवणारा, सांगली)

वरच्या निदानाशी सहमत आहे. केबलबद्दल मात्र बोलायला हवे. जाऊन-येऊन ५६ मीटर तांब्यावर ३२ अँपिअरला ४ स्क्वेअर एमएममध्ये सुमारे ८ व्होल्ट पडतात, ६ मध्ये साडेपाच. लेथला याने काही होत नाही, पण वेल्डिंग करताना दिवे मंदावतील. आहे ती केबल ठेवायची असेल, तर मुख्य डीबीत तिच्यासाठी २५ अँपिअरपेक्षा मोठी एमसीबी लावू नये.

शेडचा फीडर (पुरवठ्याची लाइन) घरच्या आरसीसीबीच्या मागून न घेता मुख्य स्विचनंतर वेगळा घ्यावा, त्यावर १०० मिलिअँपिअरची वेळ लावून पडणारी आरसीसीबी बसवावी आणि शेडमध्ये ३० मिलिअँपिअरची. एकामागे एक ३० च्या दोन लावल्या, तर कोणती आधी पडेल याचा भरवसा नसतो आणि लेथच्या दोषाने स्वयंपाकघरात अंधार होतो. केबल जमिनीतून जात असल्यास ती ७५ सेंटीमीटर खोल, वाळूच्या थरात आणि वर विटा ठेवून टाकली आहे का, तेही पाहा.

प्रश्नकर्ता

ठेकेदाराने आज झाकण उघडले. न्यूट्रल बारच्या शेवटच्या स्क्रूतून बोटभर लांबीची हिरवी वायर थेट अर्थ बारला गेली होती. ती काढल्यावर मेगरवर दोन मेगाओमच्या वर रीडिंग आले. संध्याकाळी लेथ सलग दोन तास चालवला, गिझरही लावला, आरसीसीबी जागची हलली नाही. फीडर वेगळा घेण्याचे काम पुढच्या आठवड्यात होईल. केबल मात्र जेमतेम वीतभर खोल निघाली. तो चर पावसाळ्याआधी पुन्हा खणायचा आहे.