मुरलेल्या कलाकाराचं, उमेद देणारं एक पॉप गाणं – तुमचं कुठलं?

तांडेल
काल पुतण्याच्या गाडीतून मिऱ्याला चाललो होतो. मोबाइलवर गाणी आपोआप एकामागून एक वाजत होती, त्यात मध्येच पॉल मॅकार्टनीचं 'होप ऑफ डिलिव्हरन्स' लागलं. पोरगा पुढचं लावायला गेला. म्हटलं, हात लावशील तर खबरदार!

१९९३ च्या जानेवारीत आमचं जहाज हॅम्बुर्गला लागलं होतं. मी इंजिनरूमला, हुद्दा सांगण्यासारखा नाही. गाणं नुकतंच, डिसेंबर १९९२ ला आलेलं. त्याच्या स्वतःच्या इंग्लंडात ते अठराव्या नंबरवर अडकलं, पण जर्मनीत भलतंच गाजलं. बेकरीत तेच, गोदीच्या कँटीनमध्ये तेच. इकडे मुंबई पेटलेली आणि मोठा भाऊ जोगेश्वरीला. बंदरात डकडाल्बेन म्हणून खलाशांचा क्लब आहे, तिथून मी फोन लावत बसायचो. भावाकडे फोन नव्हता, शेजारच्या दुकानाचा नंबर होता. तो नुसता वाजायचा. मागे रेडिओवर हा बाबा गात असायचा.

मला त्यातलं काय धरलं सांगतो. 'सगळं ठीक होईल' असं तो म्हणतच नाही. आजूबाजूला अंधार आहे, सुटका कधी होईल, कशी असेल, ठाऊक नाही, पण आशा धरून आहोत. बस. खोटा धीर देणारं गाणं असतं तर मी तेव्हा रेडिओच फोडला असता. आणि चाल अशी की पाय थांबत नाही! पन्नाशीतला माणूस, जगातलं सगळं मिळवून बसलेला, तरी इतकं साधं गाणं करतो.

भाऊ सुखरूप होता. दुकान बंद ठेवलं होतं, म्हणून कोणी उचलत नव्हतं.

तुमचं सांगा. इंग्रजीच पाहिजे असं नाही.

आंबोळी
आत्ता लावलं, भाकऱ्या थापताना. इंग्रजी निम्मं कळलं. ठेका मस्त. हा त्या बीटल्स बँडमधलाच ना?

तांडेल
तोच. १९४२ चा जन्म. अजून गातो.

वेंगुर्ल्याचो
गाणा ऐकलंय. काय्येक समाजला नाय, पण बरा वाटला.
आमच्याकडे उमेद म्हणजे 'या जन्मावर, या जगण्यावर'. पाडगांवकर आमच्या वेंगुर्ल्याचे हो! चाल यशवंत देवांची, आवाज अरुण दात्यांचा. वडील रिटायर झाले त्या दिवशी घरी येऊन त्यांनी हीच कॅसेट लावली, आणि मग पेन्शनचे कागद अडले तेव्हा रोज सकाळी लावायचे. आई म्हणायची, प्रेम करा जगण्यावर, पण आधी त्या हापिसात जाऊन या.

सडा_सडाफटिंग
पॉप विचारलंय, भावगीत नाही 😀

वेंगुर्ल्याचो
घराघरात वाजला ता पॉपच. आणि काय व्हया?

पोफळीखाली
आमचं केळशीकडे घर. निसर्ग वादळ आलं ते ३ जून २०२०. दुपारी दोन-तीन तासांत वाडी आडवी. माड मोडले, पोफळी तर काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा. कौलं उडाली. वीज किती दिवस नव्हती विचारू नका, पावसाळा तोंडावर आणि घरावर छप्पर नाही. मोबाइल गाडीच्या बॅटरीवर चार्ज करायचो. लेक त्यावर बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचं 'हिअर कम्स द सन' लावायची. सासऱ्यांनी एकदा अर्थ विचारला. तिने सांगितल्यावर म्हणाले, "सूर्य राहू दे, त्याला म्हणावं ताडपत्री घेऊन ये."

आम्ही सगळे इतके हसलो! वादळानंतर पहिल्यांदा. नंतर सासरेच विचारायचे, आज ताडपत्रीवाला नाही का लावला?

पण धागाकर्ते म्हणतात ते पटलं. पोफळ लावली की पाच-सात वर्षं नुसतं पाणी घालत राहायचं. कधी, कसं, ठाऊक नाही.

सडा_सडाफटिंग
किस्सा भारी. पण धाग्यात मुरलेल्या कलाकाराचं गाणं पाहिजे. हे गाणं आलं तेव्हा, १९६९ ला, हॅरिसन २६ वर्षांचा पोरगा होता.

पोफळीखाली
तुम्ही परीक्षा घ्यायला बसलाय का हो?

आंबोळी
😂😂 ताडपत्रीवाला

वाशिष्ठीकाठ
तांडेलकाका, हे गाणं ज्या अल्बमात आहे ना, 'ऑफ द ग्राउंड', त्याची कॅसेट होती माझ्याकडे. कॉलेजात असताना मुंबईहून मावसभावाने आणलेली. २२ जुलै २०२१ च्या पुरात गेली. खालच्या मजल्यावरचं सगळंच गेलं, फ्रीज, कागदपत्रं, पोरांची पुस्तकं. चिखल उपसताना कॅसेटचा रिकामा डबा सापडला. फेकला. तेव्हा गाण्याबिण्याचं सुचत नव्हतं, कोणी कोरडी चादर दिली तर रडू यायचं. कऱ्हाडहून काही पोरं फावडी घेऊन आली होती, ओळख ना पाळख. त्यांच्यातला एक जण अख्खा वेळ मोठमोठ्याने बेसूर गात होता. कुठलं गाणं ते आता आठवतही नाही. माझं उमेदीचं गाणं तेच धरा.

तांडेल
धरलं.

वेंगुर्ल्याचो
🙏

आंबोळी
पोफळीखाली ताई, नवीन लावलेल्या पोफळींना सुपारी धरली का? आम्हीही तेव्हाच लावल्यात, मुरुडला.

पोफळीखाली
यंदा थोडी दिसतेय. वानर ठेवतील तर. केळी तर एक ठेवत नाहीत.

सडा_सडाफटिंग
वानरांवर उपाय कोणाकडे आहे का? फटाके झाले, कुत्रा झाला. कुत्र्याची आता त्यांच्याशी दोस्ती झालीय.

वेंगुर्ल्याचो
मॅकार्टनी लावन बघ.

सडा_सडाफटिंग
नको, नाचायला लागतील. कौलं नवीन आहेत.

आंबोळी
जाळी लावा हो, आम्ही लावली. खर्च आहे पण टिकते. व्यनि (खासगी निरोप) करते दुकानाचं नाव.