पहिला टारँटुला आणायचा आहे : कोणता घ्यावा, हातावर घ्यावा का?

सईची आई

नमस्कार मंडळी. आम्ही टेक्सासमध्ये, ऑस्टिनजवळ राहतो. लेक १२ वर्षांची आहे आणि गेली दोन वर्षं तिने एकच धोशा लावलाय, टारँटुला पाळायचा. सुरुवात झाली घरामागच्या पायवाटेवर. एका संध्याकाळी तळहाताएवढा तपकिरी कोळी आमच्यासमोरून रस्ता ओलांडत होता, एकेक पाय चाचपून टाकत. मी चार पावलं मागे सरले. ती मात्र उकिडवी बसून तो गवतात दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. तेव्हापासून लायब्ररीतलं या विषयावरचं मिळेल ते पुस्तक घरी येऊन गेलंय. आता आम्ही दोघंही तयार झालोय, पण अनुभव काहीच नाही.

परवा एका दुकानात गेलो होतो. तिथल्या मुलाने गुलाबीसर छटेचा मोठा कोळी काढून सरळ हातावर घेतला आणि म्हणाला, रोज दहा मिनिटं हाताळलात की माणसाळतो. सोबत उष्णतेचा दिवा, पाण्याच्या वाटीत ठेवायला स्पंज आणि जाळीच्या झाकणाची उंच काचपेटी घ्यायला सांगत होता. मनाला पटेना, म्हणून काही न घेता परत आले.

तर, पहिल्यांदा पाळणाऱ्याने कोणती जात घ्यावी? पिल्लू की मोठा? हातावर घ्यायचा की नाही? घरात चार वर्षांचा धाकटाही आहे. आणि डिसेंबरात आम्ही साडेतीन आठवडे नाशिकला जाणार आहोत, तेव्हा त्याचं काय करायचं?

पळसफूल

परत आलात ते फार चांगलं केलंत. दिवा, स्पंज, जाळी आणि उंच पेटी, यातली एकही गोष्ट कोळ्याच्या उपयोगाची नाही, उलट अपायच होतो. माझ्याकडे नऊ वर्षांपासून एक मादी आहे आणि तिच्या पेटीत माती, वाटी आणि लपायला झाडाची साल एवढंच आहे. अष्टपाद दादा, तुम्ही सविस्तर लिहा ना.

अष्टपाद

लिहितो. मी ॲरिझोनात, टूसॉनला असतो. अकरा वर्षं पाळतोय, सध्या सहा आहेत.

आधी जातीबद्दल. अमेरिका खंडातलीच जात घ्या. आशिया आणि आफ्रिकेतले टारँटुला दिसायला सुंदर असतात, पण ते विजेसारखे पळतात आणि त्यांचा चावा जबर असतो. काही जातींच्या चाव्याने स्नायूंत पेटके येतात आणि ते दिवसेंदिवस राहतात. अमेरिकेतल्या नेहमी पाळल्या जाणाऱ्या जाती त्या मानाने संथ, आणि चावा साधारण मधमाशीच्या डंखाइतका. त्यांचं खरं हत्यार वेगळं आहे. पोटावर खाजकुयलीसारखे बारीक केस असतात. चिडला की मागच्या पायांनी ते खरवडून हवेत उडवतो.

म्हणून घरात लहान मूल असताना माझी पसंती कर्ली हेअर. शास्त्रीय नाव ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस, मूळचा होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिकाकडचा. अंगावर कुरळे सोनेरी केस, स्वभाव शांत, केस उडवण्याची सवय कमी आणि भूक चांगली. पूर्ण वाढला की पायांच्या टोकापासून टोकापर्यंत १३ ते १५ सेंटिमीटर. मेक्सिकन रेड नी बहुतेकांना आवडतो, मलाही आवडतो, पण तो फार सावकाश वाढतो आणि केस उडवायला मागेपुढे पाहत नाही. चाको गोल्डन नी गरीब स्वभावाचा, पण त्याला जागा जास्त लागते.

एक आग्रहाची विनंती. पाळीव कोळ्यांपासून जन्मलेलाच घ्या, जंगलातून पकडून आणलेला नको. रेड नीची मेक्सिकोत पाळण्यासाठी इतकी पकडापकड झाली की १९८५ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या करारातून नियंत्रणाखाली आणावा लागला. त्यामुळे विकणाऱ्याला हा प्रश्न विचाराच. उत्तर देताना तो चाचरला तर दुसरीकडे जा.

आकार म्हणाल तर ५ सेंटिमीटरच्या आसपासचं किशोरवयीन पिल्लू घ्या. नखाएवढी पिल्लं स्वस्त मिळतात, पण ती चटकन सुकून मरतात, पहिल्या खेपेला तो ताण नको. मादी निघाली तर वीस वर्षांच्या पुढे जगते. म्हणजे तेव्हा सई बत्तीस वर्षांची असेल, याचा विचार तिच्याबरोबर बसून करा. नर मात्र वयात आला की साधारण वर्ष-दीड वर्षच जगतो. तुम्हाला पायवाटेवर दिसला तो बहुधा नरच, मादीच्या शोधात निघालेला.

आता पेटी. रुंदी पायांच्या पसाऱ्याच्या तिप्पट पुरे. उंचीला मात्र फार जपा. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. हा जमिनीवरचा प्राणी आहे, तरी रात्री काचेवर चढतो. वरून पडला तर पोट फुटतं आणि बहुतेक वेळा तो वाचत नाही. म्हणून उंच पेटी असली तर माती भरून उंची कमी करा. नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा खत न घातलेली साधी माती, १० ते १२ सेंटिमीटर, हाताने दाबून बसवलेली. जाळीचं झाकण नको, त्यात पायाची नखं अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय तुटतो. भोकं पाडलेलं ॲक्रिलिकचं झाकण बसवा.

दिवा अजिबात नको. तुम्ही घरात ज्या तापमानात सुखाने बसता, त्यात तोही सुखी असतो. दिव्याने किंवा खालून तापणाऱ्या पट्टीने तो सुकतो, आणि कोळ्याचा जीव जास्त करून पाण्यावाचून जातो. त्याचे पाय पसरतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने. दाब उतरला की सगळे पाय पोटाखाली मुडपले जातात. तसं दिसलं तर लगेच वाटीच्या कडेला तोंड येईल असा अलगद ठेवा. वाटीत नुसतं पाणी, स्पंज कुजतो.

खाणं : आठवड्यातून एक रातकिडा किंवा डुबिया झुरळ, त्याच्या पोटापेक्षा मोठं नको. अंगणातले किडे घालू नका, ते कुठली फवारणी खाऊन आलेत कळत नाही. त्यावरून आठवलं, तुमच्याकडे घरात कीटकनाशक मारायला दर तीन महिन्यांनी माणूस येत असेल तर ते खोलीपुरतं तरी बंद करा. कुत्र्या-मांजराला गोचिडांचं औषध लावलं असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय पेटीला हात लावू नका. किड्यांना मारणारं सगळं कोळ्यालाही मारतं.

नेत्रा

मी इंग्लंडमध्ये डोळ्यांची डॉक्टर आहे. कोळी पाळत नाही, पण केसांबद्दल लिहायलाच हवं. २००९ मध्ये लीड्सला एक रुग्ण आला होता, ती नोंद २०१० च्या सुरुवातीला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तीन आठवडे डोळा लाल, पाणी वाहतंय, उजेड सहन होत नाही, जंतुसंसर्गाचं औषध घालून उपयोग नाही. मोठं करून पाहिल्यावर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात केसांसारखे बारीक तंतू रुतलेले दिसले. मग त्याला आठवलं, चिलियन रोज टारँटुलाची काच घासताना मागून कोळ्याने केसांचा फवारा उडवला होता. ते केस चिमट्यानेही निघण्यासारखे नव्हते, स्टेरॉइडच्या थेंबांवर उपचार करावे लागले.

या केसांना काटे असतात, डोळा चोळला की ते आत सरकतात. म्हणून पेटी उघडताना चष्मा किंवा प्रयोगशाळेतला गॉगल घाला, आणि हात धुवेपर्यंत तोंडाला हात नको. पेटीतल्या मातीतही गळलेले केस असतात. केस डोळ्यात गेलेच तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना भेटल्यावर कोळ्याचं नाव आधी सांगा, नाहीतर साधे डोळे आले म्हणून उपचार होतात.

सईची आई

किती नीट समजावलंत सगळ्यांनी! सईने वहीत उतरवून घेतलंय. फक्त हातावर घ्यायचं उत्तर तिला स्पष्ट हवंय. तिचं म्हणणं, अलगद बसवलं आणि तो आपणहून चालत आला तर काय बिघडलं? आपली ओळख तरी त्याला कशी पटणार?

अष्टपाद

सईला माझी गोष्ट सांगा.

माझी पहिली मादी चिलियन रोज होती. दोन वर्षं मी तिला हातावर घेत होतो आणि मनापासून समजत होतो की ती मला ओळखते. एका रविवारी सोफ्यावर बसून ती एका तळव्यावरून दुसऱ्या तळव्यावर जात होती. बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार आपटलं. ती दचकून पुढे झेपावली आणि गुडघ्यावरून खाली फरशीवर पडली. उंची दीड फूट असेल. पोटाच्या खालच्या बाजूला बारीकशी चीर गेली आणि फिकट निळसर पाण्यासारखं काहीतरी फरशीवर पसरत गेलं. कोळ्याचं रक्त तसंच असतं. मी कॉर्नफ्लोअर दाबून धरलं, रात्रभर बसून राहिलो. पहाटे तिने पाय मुडपून घेतले. माझ्या हौसेपायी गेली ती, हे मी अजून विसरलेलो नाही.

कोळी माणसाळत नाही. हाताची ऊब आणि थरथर त्याला कळते, पण तो हात कुणाचा हे त्याच्या लेखी काहीच नाही. शांत बसलेला कोळी सुखात असतो असंही नाही, धोका जोखत थांबलेला असू शकतो. म्हणून माझं स्पष्ट उत्तर, हातावर घेऊ नका.

पण हलवता यायलाच हवं, पेटी बदलताना ते लागतंच. त्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकचा रुंद तोंडाचा डबा, एक जाड पुठ्ठा आणि रंगकामाचा मऊ ब्रश घ्या. पेटी जमिनीवर ठेवा, टेबलावर नको. डबा त्याच्यापुढे आडवा धरा आणि ब्रशने मागच्या पायाला हलकेच स्पर्श करा. पाठीला नाही, पोटाला तर नाहीच. तो दोन पावलं पुढे जातो, थांबतो. तुम्हीही थांबा. पुन्हा स्पर्श. पूर्ण आत गेला की पुठ्ठा सरकवा. पुढचे पाय उंच करून दात दाखवले तर त्या दिवशी झाकण लावून टाका. सईला आधी रिकाम्या पेटीत रबरी कोळ्यावर सराव करू द्या, धाकट्याला दुसऱ्या खोलीत ठेवून.

ओळख म्हणाल तर आपल्याला त्याची पटते, ती बघून बघून. रात्री दिवे मंद करून बसा. माती कशी उपसतो, वाटीवर ओणवा होऊन पाणी कसा पितो, शिकारीनंतर रेशीम विणत गोल कसा फिरतो, यात महिने जातात.

रानवाटा

मी कोल्हापूरचा. हे वाचून मलाही पाळावासा वाटतोय. इथे ऑनलाइन निळा टारँटुला विकायला दिसतो. घ्यावा का?

पळसफूल

कृपया नको. तो निळा म्हणजे पोसिलोथेरिया मेटॅलिका, आपल्याच आंध्रातला. १८९९ मध्ये गुत्तीजवळ सापडला, मग शंभरेक वर्षं कुणाला दिसला नाही, २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडला. आज तो नष्ट होण्याच्या टोकावरच्या प्राण्यांत गणला जातो. २०१९ पासून ही सगळी प्रजातच साइट्सच्या यादीत आहे, आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा यादीतला प्राणी बाळगायचा तर नोंदणी लागते. पहिल्यांदा पाळणाऱ्यासाठी तो तसाही फार चपळ आणि विषारी आहे.

तुमच्यापासून आंबोली किती लांब? पावसाळ्यात रात्री जाणत्या माणसाबरोबर फिरलात तर दरडीतल्या बिळाच्या तोंडाशी, रेशमाच्या कडेवर पाय टेकून बसलेला टारँटुला दिसेल. लांबून विजेरीने बघा. बिळात काडी घालू नका, पुरतं कोसळलं तर त्याला नवं घर खणायला फार काळ लागतो.

कापूसकोंडा

डॅलसहून लिहितोय. नाशिकच्या वारीबद्दल निश्चिंत राहा. खाऊन तट्ट झालेला कोळी महिनाभर उपाशी राहतो, फक्त पाणी लागतं. निघताना मोठी वाटी ठेवा, जिवंत किडा आत सोडून जाऊ नका. आमच्या शेजारणीला कोळ्याची भीती वाटते, म्हणून झाकणाच्या भोकातून सिरिंजने वाटीत पाणी सोडायला शिकवलं. तिला झाकण उघडावं लागत नाही.

हिवाळ्याचं मात्र लक्षात ठेवा. २०२१ च्या फेब्रुवारीत आमची वीज गेली तेव्हा घर गारठलं. मी कोळ्याला छोट्या डब्यात घालून डबा थर्माकोलच्या पेटीत ठेवला, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. दर काही तासांनी बाटली बदलत गेलो, तो वाचला.

सईची आई

चार महिन्यांनी परत येतेय. ऑगस्टात कर्ली हेअरचं पिल्लू आणलं, एका पैदास करणाऱ्या बाईंकडून. नाव ठेवलंय भुरी. हातावर अजून कुणीच घेतलेलं नाही.

गेल्या महिन्यात तिने खाणं सोडलं. पोटावरचा केस नसलेला ठिपका काळपट झाला. मी घाबरले, सई म्हणाली, कात टाकणार आहे, हात लावायचा नाही. बुधवारी रात्री बघतो तर उताणी पडलेली! वर्षाच्या आत मेली असंच मला वाटलं. पण पाय पोटाखाली मुडपलेले नव्हते, आकाशाकडे पसरलेले होते. आम्ही दिवा मालवून जमिनीवर बसलो. आधी पाठीवरचं झाकण झाकणासारखंच उघडलं, मग एकेक पाय हातमोज्यातून बोट काढावं तसा, थांबत थांबत बाहेर येत गेला. दोन तास लागले. नवे दात पांढरे होते, दुधासारखे.

आता ती काठावर बसलीय, दात लालसर झालेत. खायला कधी द्यायचं? आणि कात सईने डबीत ठेवलीय, त्यावरून नर की मादी कळतं म्हणतात ते कसं?

अष्टपाद

सईला शाबासकी सांगा. दात पूर्ण काळे झाल्यावरच खायला द्या, अजून आठवडाभर तरी थांबा. मऊ दातांनी किडा धरायला गेली तर दात वाकतात, आणि किडाच तिला कुरतडू शकतो. पाणी भरलेलं ठेवा.

कात कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून अर्धा तास भिजवा. मऊ झाली की पोटाचा भाग ब्रशने उलगडून आतली बाजू वर करा. पुस्तकाच्या पानांसारखे चार पांढरे फुप्फुसांचे ठसे दिसतील. वरच्या दोघांच्या मधोमध बारीक पडदा किंवा झालर उभी असेल तर मादी. बहिर्गोल भिंगाने बघा आणि फोटो इथे टाका. ओली असतानाच उलगडा, वाळली की फाटते.