कॅमेऱ्यासमोर भेटलेली माणसं : तुमचे अनुभव लिहा

फ्रीलान्स फोटोग्राफरला आज लग्न, उद्या कारखाना, परवा बारसं असं कुठेही जावं लागतं. लेन्स आणि एडिटिंगवर आपण पुष्कळ बोलतो. इथे माणसांबद्दल लिहू या. ज्यांनी फोटो काढू दिले त्यांच्याबद्दल, आणि ज्यांनी दिले नाहीत त्यांच्याबद्दलही. फक्त कुणाची नावं नकोत.

सुरुवात मी करते. माझी बरीचशी कामं पुण्यातल्या घरगुती समारंभांची. त्यात सहस्रचंद्रदर्शन मला सगळ्यात आवडतं. वयाला 80 वर्षं आणि वर साधारण 10 महिने झाले की माणसाच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होतात. अशाच एका समारंभात ओवाळणी सुरू व्हायच्या आधी आजींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. "आधी माझा एकटीचा काढ गं. भिंतीवर लावायचा तो." मुलगा कळवळून म्हणाला, "आई, आजच्या दिवशी काय हे!" त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या बाबांचा फोटो मतदार कार्डावरून मोठा केलाय. ते तसे दिसायचे का?" मग साडी, चष्मा, बसायची जागा सगळं त्यांनीच ठरवलं. खिडकीचा उजेड छान होता, फ्लॅश लावलाच नाही. ओळखपत्रावरचा धूसर चेहरा हार घालून लावलेला किती घरांत दिसतो! तेव्हापासून ऑर्डरमध्ये असो-नसो, घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाचा एक नीट फोटो मी काढतेच.

कोल्हापूरहून
एका जाहिरातीसाठी कुस्तीच्या तालमीत शूट होतं. पहाटेचा सराव, चपला बाहेर, हौद्यात ताक, तेल, हळद घालून मळलेली तांबडी माती. उजेड अगदी कमी. पण वस्ताद म्हणाले, "पोरं लढत असताना फ्लॅश मारायचा नाही." बरोबरच होतं, डोळे दिपले तर डाव चुकून इजा व्हायची. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, चढवला, फोटोत दाणे आले तर येऊ दिले. फोटो गेल्यावर एजन्सीचा निरोप आला : पैलवानाचे कान एडिट करून सरळ करा. मी त्यालाच फोन केला. तो म्हणाला, "दादा, कान मोडलेत म्हणून तर पैलवान. ते काढलं तर माझा फोटो छापू नका." मी तसंच कळवलं. भांडावं लागलं, पण कान राहिले. त्याचं म्हणणं मला आजही शंभर टक्के पटतं.

येवल्याजवळून
मी पैठणीचे कॅटलॉग करते. जरीची तार चमकते, म्हणून समोरून थेट लाइट चालत नाही. उजेड मऊ करणारा मोठा पडदा (डिफ्यूझर) आणि बाजूने उजेड लागतो. धूपछाव रंग तर त्याहून कठीण. ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, त्यामुळे साडी जरा हलवली की रंग बदलतो. एका विणकर काकांनी माझं काम बराच वेळ बघितलं आणि पदर उलटा करून समोर धरला. "ताई, ही बाजू काढा. हातमागाची असेल तर मोर मागूनही तसाच दिसतो." दुकानदाराला उलट्या बाजूचा फोटो नकोच होता. आता तोच फोटो तो गिऱ्हाइकांना आधी दाखवतो. कॅटलॉगमध्ये विणणाऱ्याचं नाव छापायला मात्र अजून कुणी तयार नाही, आणि ते मला फार खटकतं.

जुन्नर भागातून
नारायणगावच्या राहुट्यांमध्ये तमाशा फडांचे फोटो काढलेत. गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात, बोर्डावरचे चेहरे बघतात. एका ज्येष्ठ कलावंत बाईंनी मेकअप पुरता होईपर्यंत कॅमेरा खाली ठेवायला लावला. तयार झाल्यावर मात्र कुठल्या कोनातून काढायचं तेही मला शिकवलं.

चाकणहून
माझं काम कारखान्यांचं. मशिनवरची माणसं जीव लावून मदत करतात. हेल्मेट घालून, सेफ्टी शूज चढवून उभं राहिलं की कुठली मशीन कधी थांबणार ते आपणहून सांगतात. एका ऑपरेटरने मुलाला दाखवायला त्याच्या लेथसोबतचा फोटो मागितला, मी मोठा प्रिंट नेऊन दिला. त्रास होतो तो अकाउंट्स विभागात, बिलाचे पैसे मिळताना. नवीन मुलांनो, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, सेवा देणारेही त्यात येतात. नोंदणी क्रमांक बिलावर छापा.