मदत हवी आहे: 'टेक ऑफ'चे इतके अर्थ शिकवायचे कसे?

नमस्कार मंडळी,

मराठी माध्यमातून शिकलेल्या मोठ्या माणसांना मी इंग्रजी शिकवते. व्याकरण त्यांचं पक्कं असतं. काळ विचारा, प्रयोग विचारा, घडाघडा सांगतात. पण वाक्यात 'टेक ऑफ' आलं की गाडं अडतं.

परवा फळ्यावर वाक्य होतं, 'ही टुक ऑफ विदाउट सेइंग अ वर्ड'. वर्गातल्या एका काकांनी विचारलं, "मॅडम, यात कर्म कुठाय? काढलं काय त्याने?" प्रश्न अगदी रास्त होता. 'ही टुक ऑफ हिज शूज' या वाक्यात शूज हे कर्म समोर दिसतं. इथे कर्मच नाही, आणि अर्थ आहे 'तो चकार शब्द न काढता निघून गेला'.

मग मी बाकीचे अर्थही सांगितले. विमान उडतं ते टेक ऑफ, एखादा धंदा अचानक जोरात चालायला लागतो तेही टेक ऑफ. किमतीतून रक्कम कमी करणं, कामावरून सुट्टी घेणं, शिवाय ब्रिटिश इंग्रजीत एखाद्याची नक्कल करणं. सगळ्यांनी यादी उतरवून घेतली, पुढच्या तासाला पाठ करूनही आले. पण नवं वाक्य दिलं की पुन्हा अंदाजपंचे! याद्या पाठ करून हे येत नाही, असं माझं आता ठाम मत झालंय.

अडचण तशी जुनीच आहे. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की, क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची इंग्रजीची रीत परक्यांना फार जड जाते. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत टेक ऑफसुद्धा आहे, आणि त्याचा अर्थ दिलाय नक्कल करणे. विमानं यायला तेव्हा जवळजवळ दीडशे वर्षं अवकाश होता.

तर या अर्थांना जोडणारं काही सूत्र आहे का? आणि वाक्य समोर आलं की कोणता अर्थ घ्यायचा, हे आधी कशावरून ओळखायला शिकवू? शिकवण्याचा अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा.

प्रतिसाद १

ताई, सूत्र आहे, पण ते 'टेक'मध्ये शोधू नका, 'ऑफ'मध्ये शोधा. ऑफ म्हणजे लागून असलेलं सुटणं. बूट पायापासून सुटतो, विमान जमिनीपासून, माणूस होता त्या जागेपासून, रक्कम एकूण किमतीतून, सुट्टीचा दिवस कामाच्या दिवसांतून. धंद्याच्या अर्थासाठी धावपट्टी सोडणारं विमानच डोळ्यासमोर ठेवायला सांगा. वॉल्ट रॉस्टो या अर्थतज्ज्ञांनी १९६० मध्ये आर्थिक वाढीचे पाच टप्पे मांडले, त्यातल्या तिसऱ्याला त्यांनी टेक-ऑफ हेच नाव दिलं होतं.

आणि वर्गात आपलं 'काढणे' वापरून बघा. आपण बूट काढतो, सुट्टी काढतो, न सांगता निघायचं असेल तर काढता पाय घेतो. नकलेचा अर्थ सगळ्यांत आडमुठा वाटतो ना? पण मूळ कागदावरून आपण नक्कल काढतोच की! तसंच माणसावरून त्याची बोलण्याची ढब उतरवून घ्यायची. मात्र हा धागा फार ताणू नका. भांडण काढणे, आठवण काढणे यांचा टेक ऑफशी काही संबंध नाही. 'टेक अ डे ऑफ' म्हणजे सुट्टी काढणे, दिवस काढणे नव्हे, हे तर बजावूनच सांगा.

प्रतिसाद २

तुमच्या काकांनी नेमकी किल्ली शोधलीय. आधी कर्म आहे का ते बघायचं. नसेल तर कर्त्याकडे वळायचं. कर्ता विमान किंवा पक्षी असेल तर उडाला, माणूस असेल तर बहुधा निघून गेला, धंदा किंवा कल्पना असेल तर जोर धरला. कर्म असेल तर तेच अर्थ सांगतं, कारण कोट काढतात, रक्कम वजा करतात आणि नक्कल माणसाची करतात.

जागेचा नियमही सोबतच द्या. कर्म नाम असेल तर 'टेक ऑफ युअर कोट' आणि 'टेक युअर कोट ऑफ' दोन्ही चालतं. सर्वनाम असेल तर ते मध्येच यायला हवं, 'टेक इट ऑफ'. 'टेक ऑफ इट' असं कुणी म्हणत नाही. वाक्यं मोठ्याने म्हणून घ्या. 'द प्लेन टुक ऑफ' म्हणताना जोर 'ऑफ'वर येतो. त्याचं नाम झालं, म्हणजे विमानाचा टेकऑफ, की जोर 'टेक'वर सरकतो. कानाला हा फरक कळला की वाचतानाही मदत होते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कर्म नसेल तर कर्ता बघा, हे उद्याच फळ्यावर लिहिते. काढता पाय तर काकांना नक्की आवडेल.

एक शंका राहिली. 'टेक द बुक ऑफ द टेबल' या वाक्यात ऑफच्या पुढे टेबल आलंय, म्हणजे तो 'टेबलावरून'मधल्या 'वरून'सारखं काम करतोय. हे वाक्य टेक ऑफच्याच तासाला घ्यावं, की शब्दयोगी अव्ययांसाठी राखून ठेवावं? माझा कल दुसरीकडे आहे, पण तुम्ही काय करता ते सांगा.