मदत हवी आहे: दादाचं तोंड सारखं हलतं, खाण्यात काय बदल करू?

आम्ही गुहागरकडचे. दादाला स्किझोफ्रेनिया आहे, वय 46, त्यावरची हॅलोपेरिडॉलची गोळी 18 वर्षं चालू आहे आणि आजार तसा ताब्यात आहे. पण गेल्या गणपतीपासून तोंड सारखं हलतंय, काही खात नसताना चघळल्यासारखं, मधेच जीभ बाहेर येते. वाडीत सगळ्यांना वाटलं तंबाखू धरलाय, आईने तर खिसे तपासले त्याचे! डॉक्टर म्हणाले टार्डिव्ह डिस्कायनेशिया, इतकी वर्षं गोळ्या घेतल्यामुळे होतो, झोपेत थांबतो (खरंच थांबतो, मी रात्री उठून बघितलं). आता हळूहळू क्लोझापीन या दुसऱ्या औषधावर नेऊ म्हणतायत.

माझा प्रश्न खाण्याचा आहे. शेजारच्या काकू म्हणतात हा वात आहे, मासे नि आंबट बंद करा, सोलकढी पण नको, वर सर्पगंधाची पूड आणून दिलीय. नेटवर बघावं तर व्हिटॅमिन ई, बी6 काय काय लिहिलंय. आई आठ दिवस नुसती पेज घालतेय आणि तो चिडतो कारण बांगड्याशिवाय त्याचं जेवण होत नाही. काट्याची भीती मात्र मला पण वाटते, परवा मांदेली खाताना ठसका लागला तो थांबेचना. कोणाच्या घरी असं असेल तर काय देता जेवायला?

प्रतिसाद 1
माझ्या बहिणीला हेच आहे. पूड आधी बाजूला ठेवा, सर्पगंधात रेझर्पिन असतं, बीपी उतरतं, माणूस उदास होतो. मासे बंद कशाला? काटे काढून भातात कालवून द्या, पण ठसक्याचं डॉक्टरांना नक्की सांगा. व्हिटॅमिन ई ने हालचाली कमी होत नाहीत, फार तर वाढू नयेत इतपत आशा, आणि बी6 जास्त डोसने बरेच दिवस घेतलं तर हातपाय बधिर होतात, मनाने सुरू करू नका. शुगर बघितलीत का? डायबेटीस असला की या त्रासाचा धोका वाढतो. क्लोझापीन सुरू झालं की चहा एकदम वाढवू नका, आणि बिडी ओढत असेल तर एकदम सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगा, बिडी सुटली की रक्तात हे औषध चढतं. पोट पण घट्ट होतं फार. या हालचाली कमी करणाऱ्या टेट्राबेनाझिन गोळीबद्दल पण विचारा, आमच्याकडे खरा फरक त्याने पडला, खाण्याने नाही.

धागाकर्ता
बिडी ओढतो की, दिवसाला बंडल! हे आम्हाला कोणी विचारलंच नाही. सोमवारी जातोय तेव्हा सगळं लिहून नेते. आज बांगडा केला, काटे मी काढले. पूड परत दिली, काकू रुसल्यात.